अंगाला चालणारं पाणी

सुलूनं अख्खी घागर चुळा भरण्यात संपवली.

मी पडवीत खांबाला धरून उभी होते. ती मोरीत वाकलेली. तांब्या बुडवायची, तोंडात पाणी घ्यायची, खळखळ करून थुंकायची. परत तांब्या. मग तिनं घशात बोटं घातली. बाहेर काही आलं नाही. नुसती उबळ आली आणि डोळे भरले. मग ओठ घासले. हात कोपरापर्यंत घासले. एकेक नख घासलं.

ती घागर मी भरून आणली होती. सकाळी दीड तास हापशाच्या रांगेत उभी राहून.

"तुला म्हाईत होतं," ती म्हणाली. "म्हाईत असून मला खाऊ दिलंस."

मला माहीत होतं. तेवढं तिचं खरं होतं.

तिनं काय खाल्लं होतं? दोन भाकरी, हुलग्याची उसळ आणि कारळाची चटणी. माझ्या आईच्या हातची.

आमचं गाव मुखेड तालुक्यातलं. सुलू पाटलाची लेक, मी मांगवाड्यातली. गावातून बारावी झालेल्या आम्ही दोघीच. पाटलांनी सुलूला लातूरच्या कॉलेजात घातलं, पण पोरीला एकटी ठेवायची कशी? म्हणून मी. पाटील आमच्या दारापर्यंत आले होते, आत नाही. आईला म्हणाले, "पोरीला धाड. सुलूला सोबत हुईल. खोलीचं मी बघतो." आई दिवसभर ज्याला भेटेल त्याला सांगत फिरली. बाप तेव्हा परगावी कामाला होता, त्याला सांगायला कोणी नव्हतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. जिकडंतिकडं पाट्या रंगवायचं काम चाललेलं. दुकानदार नव्या रंगाकडं बघून खूश व्हायचे. समाजकल्याणच्या कचेरीत मी पहिल्याच आठवड्यात गेले. मागासवर्गीय मुलींचं वसतिगृह कुठं आहे, विचारलं. साहेबांनी सांगितलं, मंजूर आहे, इमारत मिळाली की चालू होईल. पाटी तयार होती. मी ती भिंतीला टेकवून ठेवलेली बघितली.

तेव्हा खोली पाटलांचीच. खोलीत सुलूची खाट, पडवीत माझी पथारी. घरमालकांना पाटलांनी तसंच सांगून ठेवलं होतं. सकाळी दोन घागरी आणायच्या, झाडून काढायचं, मग दोघींनी मिळून कॉलेजला जायचं. प्यायचा माठ घरमालकीण भरायची. मी आणलेलं पाणी आंघोळीला, धुण्याला, भांड्याला. माझं पाणी अंगाला चालायचं, पोटाला नाही. हे मला तेव्हा टोचत नव्हतं, खोटं कशाला बोलू. गावातही असंच होतं. उलट मला वाटायचं, किती बरं चाललंय आपलं.

आणि चाललंही होतं बरं. सुलू वाईट नव्हती. रस्त्यानं चालताना माझा हात धरायची. गावात मी तिला बाई म्हणायचे. इथं पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "इथं नुस्तं सुलू म्हण. लोक हासतील." अर्थशास्त्राचं एकच पुस्तक होतं दोघींत. ती मोठ्यानं वाचायची, मी लिहून घ्यायचे. वर्गात 'हाय' म्हटलं की पुण्याहून आलेले सर भुवई वर करायचे, म्हणून आम्ही दोघी 'आहे, आहे' घोकत घरी यायचो आणि हसून हसून बेजार व्हायचो. एवढी हसले मी त्या चार महिन्यांत. तेवढी आधी कधी हसले नव्हते.

आमचा डबा गावाहून एसटीनं यायचा. तिकडच्या खेड्यांतली पोरं लातुरात अशीच जगायची. सकाळी गावच्या फाट्यावर डबे गाडीत ठेवायचे, कंडक्टर दुपारी स्टँडवर उतरवायचा, पोरांनी आपापला ओळखून घ्यायचा, रिकामा परतीच्या गाडीला द्यायचा. आई दिवस उगवायच्या आधीच दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. म्हणून ती डबा पाटलांच्या ओट्याच्या कडेला ठेवून जायची आणि पाटलांचा गडी दोन्ही डबे फाट्यावर आणायचा. डबे सारखेच होते. पाटलीणबाईंनीच बाजारातून जोडीनं आणलेले. ओळख फडक्याची. सुलूचा डबा हिरव्या काठाच्या पांढऱ्या फडक्यात. माझा आईच्या विटलेल्या लुगड्याच्या तुकड्यात.

त्या आठवड्यात पाटलीणबाईंनी आईला एक जुनं लुगडं दिलं. हिरव्या काठाचं. आईनं त्याचं काय करावं? आधी माझ्या डब्यासाठी त्यातला एक तुकडा फाडला. आपल्या लेकीचा डबा शहरात जातो, चार माणसं बघतात, बऱ्या फडक्यात जावा. एवढंच तिच्या मनात आलं असणार. लोकांनी दिलेलं लेवून लोकांसारखं दिसायची हौस आम्हाला फार. त्या हौसेनंच घात केला.

स्टँडवर मी दोन्ही डबे घेतले. दोन्हींना हिरवा काठ. उचलून बघितले. सुलूचा डबा नेहमी जड असायचा, म्हणून जड होता तो तिला दिला. आईला आदल्या दिवशी कामावर धान्य मिळालं होतं, आणि तिनं डबा गच्च भरला होता. हे मला नंतर कळलं.

खोलीवर आल्यावर सुलू आत बसली, मी पडवीत. ती आधी उघडून बसली होती. मी माझा डबा उघडला तर वर घडीच्या पोळ्या, तूप लावलेल्या. त्यावर कागदाची चिठ्ठी.

आणि आतून सुलू म्हणाली, "आज आईच्या हाताला काय चव आलीय गं! ही चटणी बघ की."

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. भीती वाटली म्हणून नाही. मला आनंद झाला म्हणून. माझ्या आईच्या चटणीला पाटलाची लेक बोटं चाटत होती. खडी फोडून आलेल्या हातांनी कुटलेली ती चटणी. मला ते थांबवायचं नव्हतं. मी पोळी खाल्ली. गोड लागली, पण माझे कान आत होते.

तिचं जेवण झालं. ती डबा पालथा घालून बघायला लागली. "चिठ्ठी न्हाई आज?" तिच्या थोरल्या बहिणीचे दिवस भरले होते. ती तीन दिवस चिठ्ठीची वाट बघत होती. चिठ्ठी दडवणं मला जमलं नाही. मी उठले, उंबऱ्याशी गेले आणि चिठ्ठी पुढं केली. हसत केली. मला वाटलं, तीही हसेल. डोक्याला हात लावून म्हणेल, मेले, डबे बदलले की आपले.

तिनं चिठ्ठी घेतली नाही. आधी माझ्या हाताकडं बघितलं, मग स्वतःच्या रिकाम्या डब्याकडं. मग ती मोरीकडं धावली.

पुढचं सांगितलंच आहे. घागर संपल्यावर ती माठाकडं गेली नाही. म्हणाली, "दुसरी घागर दे." मी दुसरी घागर उचलून मोरीच्या काठावर ठेवली. हो, ठेवली. माझ्याच आईचं अन्न धुऊन काढायला माझ्याच हातानं पाणी दिलं. त्या घागरीची लाज मला आजपर्यंत वाटते. चुळांची नाही वाटत. ती लाज तिची आहे.

रविवारी पाटील आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. खाटेवर बसले, मला समोर बोलावलं. सुलू भिंतीकडं तोंड करून उभी.

"झालं ते झालं," पाटील म्हणाले. "लेकरू हायस तू. आता आसं कर. उद्यापास्नं तुझा डबा बंद. आमच्याच डब्यात चार भाकरी जास्तीच्या येत्याल. सुलूचं खाऊन झालं की उरंल ते तू खात जा. घोटाळाच नको. तुझ्या आईला बोललोय मी. हाव म्हणली ती."

आई हाव म्हणाली होती. तिला एका माणसाचं रांधायचं वाचत होतं आणि लेकीचं शिक्षण चालू राहत होतं. पाटलांच्या मते तर हे उपकारच होते. चेहऱ्यावर तसं दिसत होतं.

मी खाली बघून उभी होते. जमिनीवर शेणानं सारवलेला पट्टा होता, तोही मीच सारवलेला. मला सुलूची चाटलेली बोटं आठवली. ती चव खरी होती. माझ्या आईचं नाव कळेपर्यंत ती चव खरी होती.

"न्हाई मालक," मी म्हणाले.

"काय न्हाई?"

"उरलेलं खानार न्हाई."

पाटलांना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं असावं. त्यांनी सुलूकडं बघितलं. सुलूनं मान वळवली नाही.

"मंग या खोलीत कशी ऱ्हाशील?"

"खोलीत बी ऱ्हानार न्हाई."

पाटील उठले. टोपी नीट केली. शांतपणे म्हणाले, "तुझी आई पानी कुनाच्या हिरीचं पिती, इसरलीस का?"

मी विसरले नव्हते. गावात पाणी टिकलेली ती एकच विहीर. आम्ही काठापासून लांब उभं राहायचं आणि गड्यानं वरून घागरीत ओतायचं. मला सगळं आठवत होतं आणि तरी मी म्हणाले, "न्हाई." चौथ्यांदा. मी अजाणतेपणी बोलले असं कोणी म्हणू नये. मला किंमत माहीत होती. ती मी भरणार नव्हते, आई भरणार होती.

पेटी डोक्यावर घेतली आणि दाळ मिलच्या मागच्या वस्तीत गेले. तिथं आईच्या लांबच्या नात्यातली मावशी राहायची, मिलमध्ये दाळ निवडायला जायची. "सरक तिकडं," म्हणाली आणि जागा केली. सकाळी कॉलेज, दुपारी तिच्यासोबत दाळीतले खडे. अर्थशास्त्राचं पुस्तक सुलूकडं राहिलं. मी ग्रंथालयात बसून आख्खं पुस्तक वहीत उतरवून काढलं.

पंधरा दिवसांनी आईचं पत्र आलं. शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. विहीर बंद झाली होती. आमच्या एकट्यांची नाही, सगळ्या मांगवाड्याची. आई आणि शेजारच्या बाया ओढ्यात झरा उकरून वाट्यावाट्यानं पाणी भरत होत्या. येऊन-जाऊन निम्मा दिवस. वाड्यातली माणसं तिला बोलत होती, तुझ्या पोरीनं आमच्या तोंडचं पाणी तोडलं. शेवटी आईनं सांगितलं होतं, "ये. मालकाच्या पाया पड. मी तुज्या पाया पडते."

ते वाक्य मास्तरांनी जसंच्या तसं लिहिलं होतं.

मी रडले. मावशीसमोर, मिलमधल्या बायांसमोर, धान्याच्या ढिगावर बसून रडले. एकदा नाही, दोनदा पेटी भरली. मग पेटीतून वही काढली आणि अर्ज लिहिला. मुखेडच्या तहसीलदारांना. गावात येणारा टँकर पाटलाच्या दारात उभा राहतो, तो मांगवाड्यात यावा. मांगवाड्यात हापसा पाडून मिळावा. खाली आईचं नाव, बापाचं, वाड्यातल्या प्रत्येक घराचं नाव. उत्तर नाही. दुसरा लिहिला. उत्तर नाही. तिसरा घेऊन मी स्वतः गाडीत बसले, मुखेडला उतरले आणि कचेरीच्या दारात दोन दिवस बसून राहिले. कारकून म्हणाला, "कॉलेजची दिसतीस. घरचं कुनी न्हाई का?" मी म्हणाले, "मीच आहे." आहे म्हणाले मी. घोकलेलं कामी आलं.

त्याच दिवसांत सुलू मला कॉलेजच्या जिन्यात भेटली. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिनं तसं बघून घेतलं होतं.

"चुकलं गं माजं," ती म्हणाली.

मी विचारलं, "हे तुज्या आईला सांगशील? तुज्या वडलांना सांगशील?"

तिनं मान खाली घातली.

"मग मला पन नको सांगूस," मी म्हणाले आणि वर गेले. वर्गात मला काही ऐकू आलं नाही. जिच्यासोबत मी एवढी हसले होते तिला मी जिन्यात सोडून आले. हे दुःख मी कमी करून सांगणार नाही.

मांगवाड्यात हापसा आला. पाऊस पडून, ओढा वाहून, दुष्काळ संपल्यावर आला. तोवर आईनं ओढ्याचा चढ सात महिने घागर घेऊन चढला होता. तिचा उजवा खांदा उतरला तो उतरलाच. पुढं मी बी.ए. झाले, नोकरी लागली, तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. वेणी घालायला तिचा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. मी घालायचे. ती एका शब्दानं मला बोलली नाही. विहिरीचं नाव काढलं नाही. मीच एकदा वेणी घालताना म्हणाले, "आई, माझ्यामुळं झालं." ती म्हणाली, "हाव." एवढंच. तिनं मला खोटं समाधान दिलं नाही. मीही कधी मागितलं नाही.

आता लोक विचारतात, दोन भाकरींसाठी एवढं केलंस, आईचा तरी विचार करायचास. विचार केला होता. त्या खोलीत, पाटलांसमोर उभी असताना केला होता. आजही कोणी मला उरलेलं पुढं केलं तर मी नाही म्हणेन. आईचा खांदा डोळ्यांसमोर ठेवून म्हणेन. तिची वेणी या हातांनी घातली आहे, आणि याच हातांनी ताट परत सारीन.