पाचचा फ्यूज

आळेफाट्याला आत्याला नाशिकच्या एसटीत बसवून देईपर्यंत मी गप्प होते. नारायणगाव सोडल्यापासून गाडीत एक वास येत होता. जळक्या प्लास्टिकचा, अगदी बारीक. आत्या मधल्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला दाखवायला पप्पांनी भर दुपारी आतले नवे दिवे लावले होते.

"लग्नाच्या हॉलवानी दिसतंय," आत्या म्हणाली. पप्पा खूश झाले. मी खिडकी खाली केली.

पप्पा व्हॅन चालवतात. बाजाराच्या दिवशी शिनोलीच्या वरच्या वाड्यांमधल्या बायकांना घोडेगावला नेतात आणि दिवेलागणीला परत आणतात. गाडीतला मूळचा दिवा मिणमिणता. उतरताना बायका एकमेकींच्या पिशव्या उचलायच्या. एकदा एकीची सुकट दुसरीच्या घरी गेली आणि ते भांडण आमच्या ओट्यापर्यंत आलं. म्हणून पप्पांनी आळेफाट्याच्या एका वायरमनकडून छताला चार एलईडी पट्ट्या आणि दाराच्या पायरीशी एक अशा पाच पट्ट्या लावून घेतल्या.

तेव्हापासून पट्ट्यांचा फ्यूज दोनदा उडाला होता. दुसऱ्यांदा उडाल्यावर पप्पांनी दहा अँपिअरचा लाल फ्यूज फेकला आणि तीसचा हिरवा घातला. "जळतोय म्हंजी कमी पडतोय," ते म्हणाले होते. आमच्या विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज गेला की ते एकाच्या जागी तारेचे दोन पदर पिळून बांधतात. मोटार सुरू होते. आमच्याकडे सगळेच तसं करतात, आणि सगळ्यांच्या मोटारी चालतात. त्यामुळे मी तेव्हा काही बोलले नव्हते. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात काही बोलायचं तर आधी मनात मराठी वाक्य जुळवते, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो.

पण आज पाच वाजता घोडेगावच्या बाजारातून नऊ बायका याच गाडीत बसणार होत्या.

"पप्पा, जळल्याचा वास येतोय."

"ट्रकांचा आसंल. आळेफाटा हाये हा."

"दिवे लावले तेव्हाच येत होता. बंद केल्यावर गेला."

मी सहसा दुसरं वाक्य बोलत नाही. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग गाडी त्या वायरमनच्या टपरीकडे वळवली. "चल, त्यालाच इचार. तुजं समाधान व्हऊन जाऊ दे."

टपरीवर तीन ट्रकवाले बाकड्यावर चहा पीत बसले होते. वायरमनने स्टिअरिंगखालची फ्यूजपेटी उघडली, हिरवा फ्यूज पाहिला आणि हसला. "भाऊ, ह्यो तर उडनारच न्हाई."

"मंग बराय की," पप्पा म्हणाले.

"उडायला पाहिजे," मी म्हणाले. आवाज इतका लहान निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "वायर बारीक आहे. फ्यूज वायरला वाचवायला असतो. तो उडाला नाही तर वायर जळेल."

बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "आरं राव, इंग्लिश मीडियमला हे बी शिकिवत्यात?"

"शिकिवत्यात आन् घरी बल्ब बदलायला भ्यात्यात," पप्पा म्हणाले. सगळे हसले. मी पर्समधून पट्ट्यांचं खोकं काढलं. पप्पांनी फेकलेलं मी उचलून ठेवलं होतं. त्यावर एका पट्टीला सहा वॅट लिहिलं होतं. पाच पट्ट्यांचे तीस. बॅटरी बारा व्होल्टची. तीस भागिले बारा मला तोंडी येत होतं, तरी मी फोनवर करून वायरमनसमोर धरलं. अडीच.

"अडीच अँपिअर लागतात. पाचचा फ्यूज पुरेल."

तो हसायचा थांबला. खोकं हातात घेऊन त्याने बघितलं. "गणित बराबर हाये, ताई," तो म्हणाला. मग डब्यातून फिकट तपकिरी, पाचचा फ्यूज शोधून त्याने हिरव्याच्या जागी बसवला आणि दिवे लावले. पाचही पट्ट्या पेटल्या. आम्ही सगळे बघत उभे. काही झालं नाही. वास नाही, काही नाही.

"झालं समाधान?" पप्पांनी किल्ली काढायला हात घातला. "चल, बायका वाट बघत आसतील."

मला गाडीत बसून निघून जावंसं वाटत होतं. पण मग अडीचच लागत असताना दहाचा दोनदा का उडाला? दोन्ही वेळा बाजाराचा दिवस होता, हे मला आठवत होतं. गाडी भरलेली होती. आज आत्या मधल्या सीटवर होती. आत्ता ती सीट रिकामी होती.

मी आत शिरले आणि मधल्या सीटवर बसले. दिवे चालूच राहिले. ट्रकवाले माझ्याकडे बघत होते. मी थोडी उजवीकडे सरकले, आत्या बसली होती तिथे. तरी काही नाही. पण माझं वजन आत्याच्या निम्मंही नव्हतं.

"पप्पा, तुम्ही इथे बसा ना."

"आता ह्ये काय?"

"एकदाच बसा."

ते बसले. सीट कुरकुरली आणि पाचही पट्ट्या एकदम विझल्या.

वायरमनने पाना आणला. सीटचे बोल्ट सोडवून त्याने आणि पप्पांनी ती उचलली. सीटच्या पायाखाली वायर दबलेली होती. बोटभर लांबीचं प्लास्टिक वितळून चटईला चिकटलं होतं आणि चटईला काळं भोक पडलं होतं. पप्पांनी त्या भोकात बोट घातलं.

"माजी चूक हाये, भाऊ," वायरमन म्हणाला. "सीट बसवताना दबली."

"तीसचा मी घातला व्हता," पप्पा म्हणाले.

वायरमनने नवी वायर कडेने नेली आणि पाचचा दुसरा फ्यूज घातला. पप्पा पुन्हा मधल्या सीटवर बसले, मग मागच्या, मग दारातल्या. दिवे चालू राहिले. घोडेगावला आम्ही उशिरा पोचलो, बायकांची बोलणी खाल्ली. पप्पांनी कारण सांगितलं नाही. हिरवा फ्यूज मात्र त्यांनी शर्टाच्या खिशात टाकलेला मी पाहिला होता.

म्हणून पुढचे बरेच दिवस सकाळी ते आंघोळीला गेले की मी गाडीचं दार हळूच उघडून फ्यूजपेटी बघायचे. एका सकाळी झाकण लावते तर मागे ते उभे, खांद्यावर टॉवेल.

"तपकिरीच हाये," ते म्हणाले. "चा ठेव."