पोरीच्या मानेला लावलेला पाय

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून पायांनी आलो. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते असं आमच्याकडे मानतात. ब्राह्मणपुरीपासून म्हसावदपर्यंतचे लोक गाडी जुंपून माझ्या ओट्यावर यायचे, पालथे पडायचे, आणि मी डाव्या पायाचा अंगठा लावायचो. तीन सकाळी, उपाशीपोटी, मधे खंड नको. मी चौथी नापास, पण शिकलेले मास्तरसुद्धा माझ्या पायाखाली पालथे पडले आहेत. माज होता मला. होता तर होता.

कापूस वेचायच्या दिवसांत माझ्या सात वर्षांच्या पोरीला ताप भरला. डोकं दुखतं म्हणून रडायची, उलट्या करायची, दार उघडलं की उजेडानं डोळे गच्च मिटून घ्यायची. दुसऱ्या सकाळी मान ताठ झाली, हनुवटी छातीला टेकेना. मी म्हटलं, शेतात डोक्यावर गाठोडं घेतलं असेल, लचकली मान.

बायको म्हणाली, "पोरले शहादाना दवाखानामा लई चला. हाऊ ताप साधा नही शे."

"मान लचकनी शे. मी बठेल शे ना आठे?"

"पोरले पाय लावतस का कोनी? पाप लागी."

"तू चूल देख."

मी पाय लावला. पोर किंचाळली. दुसऱ्या दिवशीही किंचाळली. ताप तसाच. बायकोनं स्वतः गाडीचं जू उचललं, ते मी हिसकून खाली टाकलं. दोन सकाळी झालेल्या, एकच राहिलेली, मधेच मोडलं तर गुण येत नाही.

तिसऱ्या सकाळी ती किंचाळली नाही. मला वाटलं, उतरलं. बायकोनं तिला हलवून पाहिलं तर डोळे अर्धे उघडे, ओळख नाही. मग हातपाय झटके द्यायला लागले. तेव्हा कुठे मी बैल जुंपले.

शहाद्याच्या डॉक्टरानं तिला उताणी निजवून डोकं उचललं, तर तिचे गुडघे आपोआप वर आले. त्यानं विचारलं, "मान कधीपासून ताठ आहे?"

"कालपासून," मी म्हणालो.

बायको तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत राहिली.

त्यानं पोरीच्या पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. ते नितळ असायला हवं, गढूळ निघालं. मेंदूज्वर म्हणाला. मेंदूवर आणि कण्याभोवती पातळ आवरण असतं, त्यात पू होऊन ते सुजतं. मान वाकवली की ते ताणलं जातं आणि मरणाचं दुखतं, म्हणून अंगच मान ताठ धरून ठेवतं. आणि मी तिथंच अंगठा दाबत होतो.

पेनिसिलीनच्या सुयांवर सुया झाल्या. पोर जगली. घरी आली, भाकर खायला लागली.

पुढे एकदा अंगणात गाडी मागे घेत होतो. ती मागेच चिंचोके खेळत बसलेली. "सरक!" म्हणून तीनदा ओरडलो. हलली नाही. बैल थांबवून गेलो आणि थोबाडीत दिली. हट्टी माझ्यासारखीच, म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. का मारलं ते तिला कळलंच नव्हतं.

ओट्यावरून बायको म्हणाली, "आखो मारा. तिले आयकू येत नही."

"तुले कसं माहीत?"

"आठ दिन व्हयनात. मी मांगून हाका मारी देखी."

"मंग सांगं का नही?"

"तुम्ही तिना कानले बी पाय लावाले बसता."

पुन्हा शहाद्याला गेलो. डॉक्टर म्हणाला, सूज आतल्या कानापर्यंत गेली, ऐकणं आता परत यायचं नाही. जुना कागद काढून म्हणाला, "मान कालपासून ताठ, असं लिहिलंय इथे."

"खोटं आहे ते," मी म्हणालो. "तिसरा दिवस होता."

त्यानं पेन खाली ठेवलं आणि मला झाडलं. बायकोसमोर. मी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "तेव्हाच आणली असती तर कान वाचले असते?"

"वाचले असते, किंवा नसतेही. औषध जितकं लवकर तितकं बरं, एवढंच सांगता येतं."

मला त्याचाच राग आला. एवढा शिकलेला माणूस, आणि माझा गुन्हा किती ते त्याला धड सांगता येईना.

त्यानंतरही लोक येतच राहिले. म्हसावदचा एक शेतकरी मान धरून आला. मी त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. हनुवटी छातीला टेकव म्हटलं, कण्हत का होईना टेकवली. तरी त्याला ओट्यावरून उठवलं.

तो म्हणाला, "पाहुनाले असं हाकलतस का?"

"हाकलस. जाय, दवाखानामा दाखाड."

त्याची मान नुसतीच लचकली होती. चार दिवसांत बरा झाला आणि माझ्या पायाचा गुण गेला म्हणून गावोगाव सांगत सुटला. सांगू दे. गुण गेला नव्हता, तो कधी नव्हताच. पण हे मी त्याला तोंडावर सांगितलं नाही, आणि आजही सांगणार नाही. इथे लिहिलं, तेवढं पुरे.