बोटीच्या ॲपला सुतक

मंगळवारी टोंगातल्या नेयाफू बंदराच्या बाजारात बातमी पिकली, की कालिसीनं बोट बुडवली. टॅरोच्या कंदांच्या टोपल्यांपासून चर्चच्या पायरीपर्यंत पोचेस्तोवर बुडालेल्यांचा आकडाही ठरला. खरं म्हणाल, तर बोट ठणठणीत होती. फक्त तिच्यावर चढायला कुणी आलंच नव्हतं.

बोटीच्या तिकिटांचं ॲप कालिसीनं वर्षभर खपून केलं होतं. ऑकलंडकडची ॲप्स बघून बाईंनी पडदा काळा केला, कडेनं जांभळे पट्टे ओढले, अक्षरं राखाडी आणि नाजूक. देखणंच! पण टोंगात काळं-जांभळं कापड कधी टांगतात, हे टोंगाच्याच पोरीनं विसरावं? लोकांनी फोन उघडले, राजवाड्यात कुणीतरी गेलं असं समजून हळहळले आणि घरी बसले.

कप्तान सेमिसी कडाडला, "शुक्रवारी बोट भरली नाही, तर मी परदेशातलं तयार ॲप घेतो. तू बस चटया विणत!"

कालिसी आत्याकडे धावली. लुसेनी आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तिच्यापुढे घरात कुणी ब्र काढत नाही. भर दुपारी धक्क्यावर उन्हात उभं करून कालिसीनं तिच्या हातात फोन दिला.

"काय दिसतंय, आत्या?"

"माझं तोंड. म्हातारं झालंय गं."

"तिकीट काढा ना!"

"कशानं? तुझं बटण मुंगीच्या डोक्याएवढं. माझ्या अंगठ्याखाली अशी चार चिरडतील."

कालिसीनं जीभ चावली आणि कामाला लागली. पडदा पांढरा, अक्षरं काळी, ठसठशीत. पहिल्या पानावरच्या सात बटणांपैकी सहा आतल्या पानांवर हलवली. उरलेलं एकच, तिकिटाचं, चांगलं अंगठ्याएवढं, पडद्याच्या तळाशी, भोवती ऐसपैस मोकळी जागा. रद्द फेरीला नुसता लाल ठिपका होता. उन्हात तो चालू फेरीच्या हिरव्या ठिपक्यासारखाच दिसायचा. शेजारी सरळ शब्दच लिहिले : आज बोट नाही.

दर बदलानंतर आत्या धक्क्यावर हजर. गुरुवारी तिनं चष्म्याशिवाय तिकीट काढलं आणि हौसेनं आणखी एक काढलं.

शुक्रवारी धक्क्यावर ही झुंबड! चटयांच्या गुंडाळ्या, रताळ्यांची पोती, दोरीला बांधलेली डुकरं. बोट काठोकाठ भरली. अकरा जणांना पुढच्या फेरीवर ढकलावं लागलं. कप्तानाची छाती फुगली, जणू ॲप त्यानंच केलं होतं.

"कालिसी, आता त्यावर माझा फोटो टाक. वर, चांगला मोठा."

"कशाला, कप्तान? लोकांना तिकीट हवंय. तुम्ही तर त्यांना बोटीवर फुकटच दिसता."