व्हेप, बत्तीसचा पाइप आणि पप्पांचं सोल्युशन

मी व्हेप ओढत नाही हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या चर्चच्या तरुण संघात हा किस्सा निघाला की कुणीतरी माझ्याकडे बघून भुवया उडवतंच. व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगरेट, माझ्या दादाचा होता. मी फक्त तो डोंगरावर सांभाळून न्यायची जबाबदारी घेतली होती, आणि ती जरा जास्तच मन लावून पार पाडली.

दादा पुण्याला नोकरी करतो. इंजिनिअरिंगला होता तेव्हापासून सिगरेट. दोनदा सोडली, दोनदा परत धरली. या वर्षी वहिनीला दिवस गेले आणि त्या वासानं तिला नुसत्या उलट्या. म्हणून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास, सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सुट्टीला घरी आलेल्या दादानं जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, ईस्टरपर्यंत एकही सिगरेट नाही आणि त्यानंतर तर नाहीच. आमच्याकडे त्या चाळीस दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी चहा, मम्मी सीरियल सोडते. त्यामुळे मम्मीला काही विशेष वाटलं नाही. वहिनी मात्र म्हणाली, "तिसऱ्यांदा शब्द देताय. चौथ्यांदा मी ऐकायला बसणार नाही." ती हे हसत म्हणाली नव्हती.

मग दादानं महिनाभर घरून काम घेतलं आणि दोघं गावी आले. सोबत हा व्हेप. मित्रानं बाहेरच्या देशातून आणलेला, मार्कर पेनाएवढा, वर रसाची छोटी डबी बसवायची. आपल्याकडे याच्या विक्रीवर बंदी आहे, म्हणजे बिघडला तर जाऊन दुसरा आणू असं नाही. मम्मी-पप्पांना त्याचा पत्ताच नव्हता. वहिनीला होता, पण त्यातून नुसती आंब्याच्या वासाची वाफ निघते असं ती धरून चालली होती, आणि दादानं ते तसंच चालू दिलं होतं. मला खरं काय ते माहीत होतं. मीही बोलले नाही. जाऊ दे म्हटलं, निदान सिगरेट तरी बंद आहे.

तर झालं काय, दादा एका लग्नाला मोटारसायकलवर जामखेडला गेला. ऊन असं की टाकीला हात लावला तर भाजेल. व्हेप पँटच्या खिशात. तिथं पोचेपर्यंत डबी गळून खिसा चिकट, त्यात धूळ जाऊन तोंडाशी लगदा झालेला, आणि खाली ठेवताना पडून कोपऱ्याला तडा गेला तो वेगळाच. दादा चिकटपट्टी लावून तो चालवत होता. आणि आठवड्यावर आमची कळसूबाईची चढाई आलेली. तरुण संघ दरवर्षी लेंटमध्ये एखाद्या डोंगरावर जातो, वर गाणी म्हणायची, प्रार्थना करायची, डबे खायचे आणि उतरायचं. यंदा दादाही येतो म्हणाला, पण व्हेप नेऊ की नको यात अडकला.

"तिथं शिड्या आहेत, आपटला तर गेला," तो म्हणाला. "आणि घरी ठेवला तर मी गेलो."

मी म्हटलं माझ्यावर सोड.

मी चार-पाच गड केलेत आणि डोंगरावर वस्तू कशा मरतात ते मला पाठ आहे. मोबाईल खिशातून शिडीच्या गजावर आपटतो. पॉवरबँक घामानं जाते. सॅकच्या तळाशी ठेवलेलं सगळं पाण्याच्या बाटलीखाली चेपतं. मी रात्रभर वाचून काढलं, की डबी उन्हात आणि उंचीवर गळते म्हणून काढून वेगळ्या पिशवीत उभी ठेवायची, बटण बंद करून ठेवायचं म्हणजे सॅकमध्ये आपोआप दाबलं जात नाही, बॅटरीला ऊन आणि मार दोन्ही लागू द्यायचे नाहीत. म्हणजे कडक, हवाबंद आणि आतून मऊ असं काहीतरी पाहिजे. आणि आमचं तर घोडेगावच्या रस्त्याला पाइपचं दुकान.

बत्तीस एमएमच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा कापला. खालच्या तोंडाला टोपण बसवून सोल्युशननं कायमचं चिकटवलं. सोल्युशन म्हणजे पाइप जोडायचं ते उग्र वासाचं, एकदा लावलं की पाइप तुटेल पण जोड सुटणार नाही. वरच्या टोपणाला मात्र ते लावलं नाही. तिथं सायकलच्या ट्यूबची चकती घातली, म्हणजे घट्ट बसेल पण पिळून निघेल. आत स्पंज, आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. आधी आत खडू ठेवून गच्चीवरून टाकून बघितलं. खडू शाबूत. मग हौदात तासभर बुडवून ठेवलं. खडू कोरडा. इतका आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी व्हेप आत घातला, डबी पिशवीत बंद करून वर ठेवली, टोपण दाबलं आणि नळी दुकानाच्या काउंटरवर ठेवून जेवायला गेले. जेवून आले, नळी उचलली, सॅकमध्ये टाकली. उघडून बघायचं काही कारणच नव्हतं.

पहाटे गाडीनं निघालो, बारी गावातून चढायला लागलो. दादा पहिला तासभर बरा होता. नंतर बोलणं कमी झालं, मग प्रत्येकाच्या चालण्यात चुका काढायला लागला. पहिली शिडी चढून आम्ही बाकीच्यांना पुढं जाऊ दिलं आणि तो म्हणाला, "काढ आता."

मी टोपण पिळलं. हलेना. रुमाल धरून पिळलं. दादानं घेतलं, त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या, तरी हलेना. मग मी वरचं टोपण नाकाशी नेलं. तो वास मी लहानपणापासून ओळखते.

तिथं रेंज होती. पप्पांना फोन लावला.

"पप्पा, काल काउंटरवर एक नळी होती, तिला तुम्ही काही केलं का?"

"व्हय. एक टोपण सुकंच हुतं. लावून टाकलं."

"सोल्युशन?"

"मग काय थुंकी लावू? दोन्हीकडून पक्कं केलंय. बोअरला जोडली तरी गळायची न्हाई."

"पप्पा, ती उघडायची होती."

"उघडायची हुती तर पाइप कशाला घेतला? डबा घ्यायचा." मग त्यांनी विचारलं, "त्यात हाय काय?"

मी दादाकडे बघितलं. "दादाचं सामान."

"आणा घरी, कापून देतो. अन् दगडानं ठोकत बसू नका, टोपण चांगलं हाय."

पप्पांना सुका जोड दिसला की बघवत नाही. लोकांच्या शेतातून जातानाही ते वाकून पाइपाचे जोड हलवून बघतात. हे मला माहीत होतं आणि तरी मी नळी त्यांच्या काउंटरवर ठेवून जेवायला गेले, म्हणजे चूक माझीच.

दादानं खरंच दगड उचलला होता. आत बॅटरी आहे, ठेचली तर पेट घेईल, असं मी म्हटलं तेव्हा त्यानं तो टाकला.

पुढच्या टप्प्यावर ताडपत्रीखाली एका मावशींचं लिंबूसरबताचं दुकान होतं. बिस्किटं, काकड्या, आणि मागं दोरीला सिगरेटची पाकिटं. दादानं सरबत घेतलं, प्यायला, आणि तिथंच उभा राहिला.

मावशींनी त्याची नजर बघितली. "सुटी देऊ का पाकीट?"

"सुटी," दादा म्हणाला.

सिगरेट त्याच्या बोटांत आली तेव्हा मला वहिनीचा चेहराच दिसला. ही ओढली की ईस्टरपर्यंतचा शब्द गेला, आणि ती पुन्हा ऐकून घेणारी बाई नाही.

"तिला सांगशील?" दादानं विचारलं.

"तिनं विचारलं तर सांगेन."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर नाही. मग तूच सांग."

"हे जास्त वाईट झालं," तो म्हणाला आणि सिगरेट मावशींसमोर धरली. "परत घ्या."

"हात लागलेली न्हाई घेत बाबा. ओढ न्हाईतर ठेव."

त्यानं ती शर्टाच्या खिशात ठेवली, वर जाऊन बघतो म्हणाला. पुढची शिडी उभी होती आणि वरून माणसं उतरत होती, त्यामुळे आम्हाला गजांना छाती चिकटवून थांबत थांबत चढावं लागलं. वर पोचल्यावर त्यानं खिशात हात घातला. सिगरेटचे तीन तुकडे झाले होते आणि घामानं तंबाखू खिशाला लागली होती. दादानं खिसा उलटा करून झटकला. मग राहिलेला सगळा डोंगर तो ती नळी पिळत चढला. शिखरावर प्रार्थनेला डोळे मिटले तेव्हाही ती त्याच्या हातात होती. उतरताना त्या मावशींच्या दुकानापुढून तो इतक्या घाईनं गेला की मला पळावं लागलं.

घरी पोचलो तेव्हा पप्पा दुकानातच होते आणि वहिनी बाहेर खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. पप्पांनी नळी शिकंज्यात धरली, टोपणाच्या खाली दोन सूत, म्हणजे पाव इंचावर, खूण केली आणि एक्सा ब्लेडच्या करवतीनं सावकाश कापली. व्हेपला नवा ओरखडा नाही. डबीतून एक थेंब गळलेला नाही. मी इतकी खूश झाले की दोन्ही वस्तू उचलून सगळ्यांना दाखवायला लागले.

"ही बॅटरी हाय व्हय?" पप्पांनी विचारलं.

"सिगरेटऐवजी ओढायचं असतं," दादा म्हणाला.

वहिनी म्हणाली, "नुसती वाफ असते ना त्यात?"

दादानं माझ्याकडे बघितलं आणि मग तिच्याकडे. "नाही. निकोटिन असतं. सिगरेटमधलंच."

पप्पांनी कानस घेतली आणि कापलेली कड घासायला लागले. त्या पाइपाचा आता काही उपयोग नव्हता, तरी घासत राहिले.

"मग हा महिना कसला?" वहिनी म्हणाली.

"सिगरेट खरंच नाही ओढली. आज घेतली होती एक. खिशात तुटली."

"तुटली म्हणून नाही ओढली, का ओढायची नव्हती?"

"माहीत नाही. शिडी आधी आली."

वहिनीनं पाय खुर्चीवरून खाली घेतले. मला वाटलं आता उठून बॅग भरेल. तिनं माझ्या हातातून व्हेप घेतला. "ईस्टरपर्यंत हे माझ्याकडे. पाहिजे तेव्हा मला येऊन मागायचं. देईन मी. पण लपून नाही."

सोमवारी त्यानं चार वेळा मागितला. तिनं चारही वेळा दिला आणि खिडकी उघडून लांब जाऊन बसली. मंगळवारी दोनदा, बुधवारी एकदा. मागायला जाताना तो शाळेत छडी खायला जाणाऱ्या पोरासारखा दिसायचा. सिगरेट मात्र ईस्टरपर्यंत नाही ओढली, आणि आजपर्यंतही नाही.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. दादानं मागितला, वहिनीनं आत जाऊन आणून दिला. त्यानं बटण दाबलं, परत दाबलं.

"चार्जिंग संपलंय," तो म्हणाला.

"चार्जर कुठंय?" वहिनीनं विचारलं.

"वर, बॅगेत."

वहिनी शेंगा फोडत राहिली. तो व्हेप मांडीवर घेऊन बसला, मग बाजूला ठेवला आणि सुपातल्या शेंगा पुढं ओढल्या. जेवायची हाक येईपर्यंत तो काही उठला नाही.