कधीच तंग न झालेला स्कर्ट

“श्वास सोड. पोट आत ओढू नकोस.”

“कुठं ओढतेय!”

“मला शिकवू नकोस. तू जन्मायच्या आधीपासून लोकांच्या कमरा मोजतेय मी.”

ठकीनं श्वास सोडला. शिंपिणीच्या हातातली टेप दोन बोटं पुढं सरकली. तेहतीस. दहा वर्षांच्या लेकीची कंबर तेहतीस इंच, आणि शिवणाऱ्या आईची तीस.

“इलास्टिक घालशील ना गं?”

“हुक लावणार. आणि आत जादा कापड ठेवणार नाही.”

हे हुकाचं शिंपिणीच्या डोक्यात शिरलं ते दवाखान्यात. गेली होती मलम मागायला. ठकीच्या मानेभोवती काळा पट्टा आला होता, शाळेच्या पांढऱ्या कॉलरवर नजरेत भरायचा. शिंपिणीला वाटलं, मळ. महिनाभर तिनं मान घासणीनं घासली. पोर बोंबलली, कातडं सोललं, काळं जागचं हललं नाही. डॉक्टरीणबाईंनी मान बघितली, काट्यावर उभं केलं आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं. रक्त काढलं, साखरेचं पाणी पाजलं, दोन तासांनी पुन्हा रक्त काढलं.

“मळ नव्हे तो,” कागद बघत बाई म्हणाल्या. “मधुमेह अजून झालेला नाही. पण खाल्लेली साखर हिच्या अंगाला आत्ताच झेपेना झालीय. असंच चाललं तर फार वाट बघावी लागणार नाही.”

सासूचा पाय साखरेनंच गुडघ्याखाली कापावा लागला होता. ती जखम दीड वर्ष शिंपिणीनंच धुतली होती.

“कपडे तंग व्हायला लागले तेव्हा लक्षात नाही आलं?” बाईंनी सहज विचारलं.

तंग झालेच नव्हते. लोकांच्या पोरांचे होतात. त्यांच्या आया दुकानात येऊन “ही कार्टी खाते तरी काय” म्हणून कपाळ बडवतात. ठकीचा स्कर्ट जरा आवळला की आई ब्लेडनं शिवण उसवायची, अर्धा इंच सोडायची, की झालं काम. शेवटी हुक काढून इलास्टिकच घातलं. आणि शाळा सुटली की पोर मशीनशेजारी. बाहेर रस्त्यावर गाड्या, खेळायला वीतभर जागा नाही. गिऱ्हाइकापुढं किरकिर नको म्हणून शेजारच्या दुकानातून बिस्किटाचा पुडा, वर थंड बाटली. आपल्याच हातानं लेक फुगवली आणि आपल्याच हातानं झाकली, हे तिला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं.

म्हणून हुक. आवळला की कळेल, असा तिचा हिशेब.

पुडे बंद झाले. संध्याकाळी दोघी चौकापर्यंत जाऊन यायच्या. तीन आठवडे गेले असतील नसतील, दुसऱ्या शाळेच्या दीडशे स्कर्टांची ऑर्डर आली. चालणं राहिलं. “उद्या जाऊ,” शिंपीण म्हणायची, आणि उद्याचा परवा व्हायचा.

एका सकाळी ठिगळाला तुकडा हवा म्हणून तिनं चिंध्यांच्या पोत्यात हात घातला, तर हाताला चकचकीत कागद लागले. बिस्किटांचे. नीट घड्या घालून कोंबलेले.

“ठके! हे कुणी दिलं?”

ठकी शाळेला निघाली होती. ती नुसता शर्ट खाली ओढत राहिली. शिंपिणीनं तो वर केला. हुक कधीच तुटला होता. त्याच्या जागी सेफ्टी पिन, आणि पिनेनं पोटावर ओरखडे काढलेले, एक अजून ओला.

“किती दिवस?”

“पंधरा. वर्गात तुटला. सगळे ढोली ढोली करून नाचले.” ठकीनं शर्ट पुन्हा खाली ओढला. “सगळ्यांचं उसवून देतेस. माझंच का नाही देत?”

शिंपिणीनं स्कर्ट उतरवून घेतला. टेप लावली. पस्तीस. उसवावं म्हटलं तर आत सोडायला कापडच नव्हतं. तिनंच ठेवलं नव्हतं.

ठकी चादर गुंडाळून स्टुलावर बसली. शाळेची घंटा ऐकू आली.

शिंपिणीनं ऑर्डरच्या ताग्यातून चार बोटांची पट्टी कापली आणि कमरेच्या बाजूला जोडली. धुऊन विटलेल्या निळ्यात ती उठून दिसत होती. मग मशीन थांबवून तिनं जरा विचार केला, आणि आतून आणखी दोन बोटं कापड दुमडून ठेवलं. पुढच्या खेपेला लागणारच होतं.

“जा, उशीर झालाय.”

ठकी गेली. शिंपिणीनं सुईत दोरा ओवला आणि ढिगातला पुढचा स्कर्ट मशीनखाली घेतला. कंबर चोवीस.