बुंध्यापुढचा नारळ

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलाही नाही – आणि बायकोपासून लपवलेली गोष्ट इतकी वर्षं टिकते, यावरूनच मी ती किती खोल पुरली असेल ते ओळखा. आज लिहायला बसलोय, तेही मराठीत. का मराठीत? कारण देवासमध्ये वाढलेली माझी दोन्ही मुलं हिंदी शाळेत शिकली. मराठी बोलतात झकास, पण वाचायला दिलं की दुसऱ्या ओळीला जांभई देतात. बायको इंदूरची, तिचंही तेच. म्हणजे हे कागद मी टेबलावर उघडे टाकून बाजारात गेलो तरी धोका नाही. आमच्या घरात ते सरळ वाचू शकेल असं एकच माणूस आहे – आणि त्यांच्याबद्दलच तर हे सगळं आहे.

त्या म्हणजे माझ्या आत्याबाई. वडिलांच्या थोरल्या बहीण.

आमचं घराणं मराठी दरबाराबरोबर देवासला आलं. ऐकायला भारदस्त वाटतं ना? पण आम्ही तलवार घेऊन नाही, झारा घेऊन आलो. पणजोबा मुदपाकखान्यात आचारी होते. दरबार गेला, मुदपाकखाना गेला, आमच्याकडे उरल्या त्या रीती. कुठल्या कार्यात काय आधी, काय नंतर, सुपारी कुठे, विडा कुणाला – हे सगळं आत्याबाईंच्या डोक्यात. नव्वदच्या दशकात कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी महाराष्ट्रातून आलेली कितीतरी कुटुंबं गावात होती. त्यांच्याकडे मुंज निघो की बारसं, आत्याबाईंसाठी रिक्षा यायची. भटजीसुद्धा मंत्र म्हणता म्हणता हळूच त्यांच्याकडे बघून घ्यायचे. आत्याबाईंना कमी वयात वैधव्य आलं, मूलबाळ नाही, आयुष्य भावाच्या घरात गेलं. त्यांच्याजवळ स्वतःचं असं दुसरं होतं तरी काय? हा एक मान होता. आणि तो मी –

थांबा. मी फार लवकर तिथे पोचतोय. आधी बुंध्याचं सांगू द्या.

माझ्या धाकट्या भावानं, सुधीरनं, टोंकखुर्दच्या रस्त्याला घरासाठी प्लॉट घेतला. प्लॉट छान, पण नेमक्या जोत्याच्या जागी चिंचेचा बुंधा. झाड आधीच्या मालकानं तोडून विकलं होतं आणि बुंधा आमच्यासाठी ठेवला होता. चार माणसं सभोवती बसून पत्ते खेळतील एवढा. मुळं कुठवर गेली असतील देव जाणे. सुधीर म्हणत होता, मजूर लावू, कुऱ्हाडीनं मुळं तोडू, लागतील तेवढे दिवस लागू देत. शहाणा मुलगा. पण मी मध्ये पडलो. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर. वजन कसं ओढावं, साखळी कुठे बांधावी, हे मी नव्या पोरांना शिकवायचो – खडूनं फरशीवर आकृत्या काढून. मी म्हटलं, मजूर कशाला? माझा मित्र महेश टोंकखुर्दला सोयाबीन करतो, त्यानं नवा छोटा ट्रॅक्टर घेतलाय, तो आणू. अर्ध्या तासात बुंधा बाहेर.

अर्धा तास! हे मी सगळ्या नातेवाइकांसमोर बोललो. नातेवाईक असली वाक्यं विसरत नाहीत.

आत्याबाईंनी एकच अट घातली. झाड काढायचं तर आदल्या संध्याकाळी त्याच्यापुढे अक्षता, सुपारी आणि नारळ ठेवायचा, आणि त्यात जे कुणी राहत असेल त्याला नम्रपणे जागा सोडायला सांगायचं. मी म्हटलं, झाड तर कधीच गेलं, आता कोण राहणार? त्यावर त्या म्हणाल्या की वरच्या मजल्यावरचे गेले असतील, मुळातल्यांना कुणी विचारलंय? हे डिप्लोमात शिकवलं नव्हतं.

मग संध्याकाळी मी त्यांना स्कूटरवर बसवून प्लॉटवर नेलं. त्यांनी बुंध्यापुढे पाणी शिंपडलं, अक्षता वाहिल्या, सुपारी ठेवली आणि शेंडीवाला नारळ ठेवला. हो, ठेवला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मग पदर खांद्यावर घेऊन एखाद्या थोर पाहुण्याशी बोलावं तसं म्हणाल्या, "उदयीक सकाळी मुलं येतील. आपण कृपा करून बिऱ्हाड हलवावं. गैरसोय होते आहे, त्याबद्दल क्षमा असावी." मला इतकं हसू येत होतं की मी स्कूटरची किक बघत उभा राहिलो. नारळ सकाळपर्यंत हलवायचा नाही, उद्या काम झालं की तो त्याच खड्ड्यात पुरायचा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. त्यांना घरी सोडून मी पुन्हा प्लॉटवर आलो, कारण महेश ट्रॅक्टर घेऊन येणार होता.

आला. ट्रॅक्टर म्हणजे काय – लालचुटूक, माझ्या कमरेएवढा, बघितल्यावर गाल ओढावासा वाटेल असा. महेशनं पिशवीभर शेव आणली होती. आम्ही बुंध्यावर बसलो. शेव तिखट होती. समोर नारळ होता.

तुम्ही काय केलं असतं? नाही – हा प्रश्न मी मागे घेतो. तुम्ही खाल्ला नसता.

महेशनं विचारलं तरी. हा पूजेचा तर नाही ना, म्हणाला. मी म्हटलं, पूजा झाली भिया – आमच्या माळव्यात भैयाचं भिया होतं – आता हा प्रसाद. नारळ ट्रॅक्टरच्या पुढच्या लोखंडावर फोडला आणि शेवेबरोबर अर्धा अर्धा खाल्ला. सकाळी येताना दुसरा आणून ठेवायचा, असं ठरवलं होतं. सकाळीच भूमिपूजनही होतं, त्याचे नारळ घरात ढीगभर पडले होते, त्यातला एक उचलायचा, बस. पण सकाळी मी वेगळ्याच गडबडीत होतो. सुधीर फोटो काढणार होता, म्हणून मी नवी क्रीम रंगाची पँट घातली. तिला इस्त्री करण्यात नारळ राहून गेला.

आणि आता त्या पँटचं ऐका, कारण खरा घात तिनं केला. बुंधा ओढायचा तर आधी भोवती खणायचं, बाजूची मुळं तोडायची, आणि साखळी ट्रॅक्टरच्या मागे अगदी खाली, चाकांच्या आसाखालच्या आकड्याला अडकवायची. वर बांधली तर ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलला जातो. हे मी शिकवायचो, हो. खडूनं. पण खाली अडकवायची म्हणजे मातीत गुडघे टेकायचे. मंडप घातलेला, नातेवाईक खुर्च्यांवर, सुधीर कॅमेरा घेऊन समोर. मी साखळी वरच्या दांड्याला अडकवली. उभ्या उभ्या. मुळं तर तोडलीच नव्हती, कारण अर्ध्या तासाचा शब्द दिला होता. महेशनं मागे वळून एकदा विचारलं की ठीक है ना भिया. मी अंगठा दाखवला. तो अंगठा फोटोत आला आहे.

महेशनं क्लच सोडला. बुंधा ढिम्म. ट्रॅक्टर मात्र मागच्या दोन चाकांवर उभा राहिला. नवरदेवाच्या घोडीनं बँडवर नाचावं तसा एक क्षण नाचला, मग साखळी तुटली आणि तो धाडकन खाली आला. महेशचं तोंड स्टिअरिंगवर आपटलं आणि समोरचा अर्धा दात गेला. तुटलेली साखळी सपकन मंडपात शिरली आणि पोह्यांच्या परातीत पडली. पोहे उडाले. सुधीरचे सासरे आपली मोठी टोपी घालून शांतपणे बसले होते. त्यांच्या टोपीवर पोहे, खांद्यावर पोहे, वर थोडी शेवसुद्धा. कुणालाही साखळी लागली नाही, ही देवाची कृपा. आता मला त्या दृश्याचं हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. कारखान्यातला साहेब, अर्ध्या तासवाला. माझी पँट स्वच्छ होती. कुणीतरी खाली वाकून साखळीचं राहिलेलं टोक बघायला लागलं – आणखी दोन क्षणांत कळलं असतं. तेवढ्यात आत्याबाई पुढे आल्या. बुंध्याभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "नारळ कुठे आहे?"

आणि मी – हे लिहिताना हात थांबतोय – मी म्हणालो, "नारळ तुम्ही ठेवलाच नव्हता, आत्याबाई."

बस. एवढंच वाक्य. किती सहज निघालं! त्याआधी ते माझ्या मनातही नव्हतं.

"ठेवला नव्हता?"

"सुपारी ठेवलीत, अक्षता वाहिल्यात. नारळ घरीच राहिला असेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. मला वाटलं होतं, आता त्या मला सगळ्यांसमोर सोलून काढतील, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं – काल संध्याकाळी या हातांनी काय केलं ते आठवत असल्यासारखं. मग म्हणाल्या, "मला तर पक्कं वाटत होतं." आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. महेशला सगळं ठाऊक होतं, पण त्याच्या तोंडात रुमाल कोंबला होता. साखळीकडे मग कुणी बघितलंच नाही. मूळ कारण सापडलं होतं.

बुंध्याला पुन्हा हात लावायची कुणाची छाती झाली नाही. सुधीरनं नकाशाच फिरवला. त्याचं घर आज वाकडं उभं आहे, दरवाजा बुंध्याला वळसा घालून आहे, पाहुण्यांना आडवं होऊन आत शिरावं लागतं. त्याची बायको उन्हाळ्यात बुंध्यावर पापड वाळवते. महेशनं सोन्याचा दात बसवला, तो त्याला शोभतो, आणि ट्रॅक्टर दुरुस्त होऊन अजून शेतात पळतो. सगळ्यांचं नीट झालं म्हणायचं. एक सोडून.

पुढच्याच महिन्यात एका मुंजीसाठी रिक्षा आली, तर आत्याबाईंनी ती परत पाठवली. मला हल्ली आठवत नाही, म्हणाल्या, उगाच माझ्या हातून कुणाच्या लेकराचं कमीजास्त व्हायचं. मला वाटलं, दोन-चार दिवसांत सावरतील. त्या सावरल्या नाहीत. ज्या बाईनं भटजींना टोकलं होतं, ती देवापुढे दिवा लावून पुन्हा येऊन बघायची की लावला का. घरातून निघताना कुलूप मला ओढून बघायला सांगायची. मला! कारण माझी स्मरणशक्ती पक्की, मी शिकलेला. हळूहळू रिक्षा यायच्या थांबल्या. माझ्या मुलीच्या बारशाला त्या मागच्या रांगेत बसल्या. पाळण्याखालचं काय नि कसं, हे माझ्या बायकोनं शेजारणीला विचारलं, आणि शेजारणीनं चूक सांगितलं. आत्याबाईंचे ओठ हलले. मला दिसले. त्यांनी ते मिटून घेतले.

त्या दिवशी मी सांगू शकलो असतो. कितीतरी दिवशी सांगू शकलो असतो. महेशनं एकदा चहाच्या टपरीवर सरळ म्हटलं, "बता दे यार भिया बुआजी को। नारियल आधा-आधा खाया, पाप पूरा उनके माथे पे।" मी म्हटलं, बघू. मग दर भेटीत तो नुसता सोन्याचा दात दाखवून माझ्याकडे बघायचा. मग मी टोंकखुर्दला जायचंच कमी केलं.

भीती कसली होती मला? आत्याबाई मारणार नव्हत्या. सुधीर रागावला असता, सासऱ्यांनी टोपीची आठवण काढली असती, कारखान्यात चार दिवस चेष्टा झाली असती. एवढ्यासाठी मी एका बाईला तिच्याच डोक्यावर विश्वास ठेवू दिला नाही. एका पँटसाठी, म्हणा हवं तर. ती पँट पुढच्या वर्षी मला घट्ट झाली.

आता शेवटचं. दर मार्गशीर्षात, त्या दिवसाच्या आसपास, आत्याबाई मला म्हणतात, "विनू, मला तिकडे घेऊन चल." मी स्कूटर काढतो. बुंध्याला आता कडेनं कोवळी पालवी फुटली आहे. त्या त्याला हळदकुंकू वाहतात. मी बाजूला त्यांच्या चपला आणि पिशवी धरून उभा असतो. त्या वाकून म्हणतात, "कसूर माझी. आपला मान द्यायचा राहिला. पोरांवर राग धरू नये." दर वर्षी, हेच शब्द. आणि दर वर्षी पिशवीतून काढताना नारळ त्या आधी मला दाखवतात – हा बघ, आणला आहे, हा बघ, ठेवते आहे. मी मान हलवतो.

मग नारळ बाजूच्या दगडावर फोडतात. पहिला तुकडा मला. यंदा तो हातावर ठेवताना म्हणाल्या, "तू त्या दिवशी स्पष्ट बोललास म्हणून मला कळलं रे. दुसरा कुणी असता तर माझी चूक झाकली असती."

मी उजवा हात पुढे करून, खाली डावा धरून तो घेतला. त्या बघत होत्या, म्हणून तिथेच खाल्ला. त्यांनी विचारलं, गोड आहे का. मी म्हटलं, गोड आहे.