ग्रॉस, टेअर आणि नेट

जगातले सगळे वजनकाटे एका बाजूला आणि आमच्या हिचे मामा दुसऱ्या बाजूला उभे केले, तर मी डोळे मिटून मामांच्या बाजूला जाईन. तळोज्याला ट्रक तोलायच्या काट्यावर त्यांची तीस वर्षं गेली. भरल्या गाडीचं वजन ग्रॉस, रिकाम्या गाडीचं टेअर आणि वजाबाकी करून उरतो तो नेट माल, एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा संसार उभा. निवृत्त होऊन खांदा कॉलनीत आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये आले आणि हाच हिशेब माणसांना लावू लागले. आमच्या चेअरमनसाहेबांचं तासभराचं भाषण ऐकून म्हणाले, "ग्रॉस दांडगं, नेट काही नाही!" माझ्या लग्नात तर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून हिच्या कानात "एकसष्ट किलो, हारासकट" असं सांगितलं होतं. मला राग आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन वजन केलं, तर बरोबर साठ. हार किलोभराचा होता हो! पनवेलच्या बाजारात त्यांनी कलिंगड तळहातावर घेतलं की भाजीवाली काट्याला हात लावत नाही. "मामा सांगतील तेच खरं," म्हणते. आणि मामाही असे, की शंभर ग्रॅम जास्त भरत असेल तर आपण होऊन सांगणार. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. एका संध्याकाळी मामा कोरी वही घेऊन दारात हजर. "जावईबापू, मला इंग्रजी शिकवा. फक्त वजनाचं. बाकीचं नको."

मी कारण विचारलं. त्यांची एकुलती एक लेक सुजाता आयर्लंडला असते. ती दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. मुलगी जेमतेम अकराशे ग्रॅमची, काचेच्या पेटीत. दोन किलो भरल्याशिवाय तिला घरी सोडणार नव्हते. "सुजू फोनवर 'छान आहे, बाबा' म्हणते आणि रडते," मामा म्हणाले. "मला आकडा हवाय, तोही खरा. नर्सलाच विचारतो."

शिकवणी सुरू झाली. हेवी, लाइट, गेन, लूज हे त्यांनी पटापट उचललं. 'पुट ऑन वेट'पाशी गाडी अडली. "वजन काय शर्ट आहे, अंगात घालायला?" मग 'वेट'चं स्पेलिंग बघून बोट ठेवलं, "हे जी-एच कशाला? बोलताना तर कुठे ऐकू येत नाही." मी सवयीने म्हटलं, ते सायलेंट असतं. मामांनी जरा विचार केला आणि मांडीवर थाप मारली. "म्हणजे टेअर! लिहायचं ग्रॉस, बोलायचं नेट!" पंचवीस वर्षं घसा फोडून मला हे इतकं सोपं करता आलं नव्हतं, देवाशपथ. हल्ली मी वर्गात हेच सांगतो. मामांचं नाव तेवढं घेत नाही.

रविवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून मामा व्हिडिओ कॉलला बसले. सुजाताने फोन नर्ससमोर धरला. मामांनी घसा खाकरला आणि विचारलं, "सिस्टर, बेबी ग्रॉस?"

नर्सबाई लालबुंद. "नो! शी इज ब्युटिफुल!"

मी कपाळाला हात लावला. ग्रॉस म्हणजे किळसवाणं असाही अर्थ होतो, हे मी मास्तर असून सांगायला विसरलो होतो! मामांना विचारायचं होतं, की बाळाचं वजन नळ्या-लंगोटासकट करता की ते वगळून? मी घाईघाईने खुलासा केला. बाई खो खो हसल्या. मग त्यांनी करून दाखवलं: लंगोट काढायचा, नळ्या एका हाताने वर उचलून धरायच्या आणि मगच आकडा वाचायचा.

"नेट," मामा पुटपुटले. "बाई काट्याशी प्रामाणिक आहे." त्या दिवशी ते आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

पुढे नर्सबाईच फोनवर "नेट!" म्हणून ओरडून आकडा सांगू लागल्या. दोन किलो भरले त्या दिवशी मामा एकच वाक्य बोलले, "शी पुट ऑन वेट." व्याकरण अगदी बरोबर. मग ढसाढसा रडले.

यंदा ती पोरगी, ओवी, पाच वर्षांची होऊन आईबरोबर महिनाभर पनवेलला राहून गेली. मराठी अडखळत बोलते, पण हे तीन शब्द तिला पक्के. रोज सकाळी मामा तिला कडेवर घेऊन घरातल्या काट्यावर चढायचे. "ग्रॉस!" मग तिला खाली ठेवून एकटे उभे राहायचे. "टेअर!" की ओवी टाळ्या पिटून ओरडायची, "नेट मी!"

मायलेकी परत गेल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी मामांकडे डोकावलो. चहा तसाच निवत होता आणि मामा काट्यावर उभे होते, खाली बघत.

"किती भरलं, मामा?" मी विचारलं.

मामा काही उतरले नाहीत. तिथूनच म्हणाले, "नुसतं टेअर, जावईबापू."